उकिरड्यावरची पणती

दिवाळीच्या पाडव्याला पहाटे माझ्या आजोळी, खानापूर तालुक्यातल्या एका वाडीत, घर झाडून काढलेला केर मोडक्या टोपलीत भरत. टोपलीत जुनी केरसुणी ठेवत आणि वर एक पेटती पणती. घरातली थोरली बाई ती टोपली घेऊन कोपऱ्याकोपऱ्यातून फिरे, 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणे आणि शेवटी टोपली उकिरड्यावर रिकामी करी. पणती तिथेच राही. देवापाशी दिवा, तुळशीपाशी दिवा, गोठ्यात दिवा हे मला कळायचे. उकिरड्यावर दिवा कशाला, ते कळत नसे. आजीला विचारले तर ती म्हणाली, "आरं, फुडल्या सालचा जोंधळा तिथंच हाय की."

हे उत्तर मी चाळीसेक वर्षे विसरून गेलो होतो. ते आठवले एका जखमेमुळे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. साताऱ्यात आमच्या दारात रोजच्यासारखी घंटागाडी थांबली. कचरा वेगळा करणाऱ्या बाईंनी आमच्या बादलीत हात घातला आणि झटकन मागे घेतला. भाजीची देठे, चहाचा चोथा, शिळा भात यांच्याखाली फुटलेल्या बरणीची काच होती. काच आमच्याच घरातल्या कुणीतरी टाकलेली, बहुधा मीच. बाईंनी चिंधीने बोट बांधले, मला एक शब्दही न बोलता त्या पुढच्या दारी गेल्या. दोन शब्द सुनावले असते तर बरे वाटले असते.

त्याच आठवड्यात मी भोके असलेले एक हिरवे प्लॅस्टिकचे पिंप आणून परसात, कढीपत्त्याच्या झाडाशेजारी ठेवले. घरचा ओला कचरा घरातच जिरवायचा, असा निश्चय केला. पंधरा दिवसांत पिंपातून आंबूस वास येऊ लागला, तळाशी काळे पाणी साचले आणि झाकण उघडले की पांढरट अळ्या वळवळताना दिसू लागल्या. शेजाऱ्यांनी भिंतीवरून चौकशी केली. पिंप भंगारात द्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात ऐंशी ओलांडलेली आई काठी टेकत परसात आली, आत डोकावली आणि म्हणाली, "नुस्तं वल्लंच घातलंस व्हय रं? वाळकं कुठंय ह्यात? राख कुठंय?"

गेली काही वर्षे मी सातारा-सांगली भागाच्या शेतीविषयी जुनी पुस्तके आणि अहवाल गोळा करून वाचतो आहे. खतावरची पानेच्या पाने त्यात वाचली होती. पण पिंपात काय चुकले ते मला सांगता आले नव्हते आणि चौथी शिकलेल्या आईने ते एका नजरेत ओळखले. जी विद्या आईला सहज येत होती, ती एका पिढीत माझ्या हातून कशी गेली? या प्रश्नाचा माग काढताना जे सापडले, ते इथे मांडतो आहे.

उकिरडा आणि त्याचे शास्त्र

उकिरडा हा शब्द आता आपण शिवीसारखा वापरतो. खेड्यातल्या जुन्या घराला मात्र तो कणगीइतकाच लागे. गोठ्यातले शेण, गुरांनी सोडलेले चघाळ, चुलीतली राख, अंगणातला पालापाचोळा, भाजीची देठे, शेंगांची टरफले असे सगळे रोज त्यावर पडे. वर्षभर साठलेले हे खत उन्हाळ्यात, पाऊस पडायच्या आधी, बैलगाडीतून शेतात ओढून नेत. ज्यांच्याकडे खत पुरेसे नसे, ते धनगरांशी बोलणे करून शेतात रात्री मेंढरे बसवत आणि लेंडीखत मिळवत.

आजचे शास्त्र सांगते की कचरा नीट कुजायला कार्बन आणि नत्र यांचे प्रमाण साधारण पंचवीस ते तीसास एक असावे लागते. वाळली पाने, काड्या, भुसा यांत कार्बन जास्त. शेण आणि हिरवा ओला कचरा यांत नत्र जास्त. दोन्ही बेताने मिसळले, ओल राहिली आणि हवा खेळती राहिली की सूक्ष्मजीव कामाला लागतात. ढीग मोठा असेल तर आतली उष्णता साठ अंशांच्या वर जाते, तणांचे बी आणि रोगजंतू मरतात. नुसते ओले घातले की हवा कोंडते आणि कचरा कुजण्याऐवजी सडतो. आईच्या 'वाळकं कुठंय' या प्रश्नात हे सगळे आले होते.

पण जुन्या उकिरड्याचे गोडवे गातानाही हात राखावा लागतो. तो उघड्यावर असे. उन्हात वाळे, पावसात त्यातला कस वाहून जाई. गुरांचे मूत्र बहुतेक वाया जाई. आणि मुख्य म्हणजे शेणाचा मोठा वाटा उकिरड्यापर्यंत पोचतच नसे. तो शेणी होऊन चुलीत जाई.

जॉन ऑगस्टस व्होल्कर या इंग्रज कृषिरसायनतज्ज्ञाला सरकारने 1889 साली हिंदुस्थानातील शेती पाहण्यासाठी बोलावले. त्याचा अहवाल 1893 साली प्रसिद्ध झाला. शेतकरी शेण जाळतो तो अडाणी म्हणून, असा गोऱ्या अधिकाऱ्यांचा समज होता. व्होल्करने तो खोडला. शेतकऱ्याला खताची किंमत कळते, पण त्याला जळणाला लाकूड मिळत नाही, म्हणून तो शेण जाळतो, असे त्याने लिहिले आणि जळणासाठी झाडे लावावीत, असे सुचवले.

व्होल्करच्या दहा वर्षे आधी, 1883 साली, ज्यांचे मूळ गाव खटाव तालुक्यातले कटगुण त्या जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये याच दुखण्यावर बोट ठेवले होते. डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांचे शेणमूत पावसाच्या पाण्याबरोबर शेतात उतरून जमिनीला आपोआप खत मिळे. जंगल खात्याने डोंगर आणि गायराने अडवल्यावर गुरांची चराई तुटली आणि शेताचा कस गेला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. माती वाहून जाऊ नये म्हणून ताली बांधाव्यात, त्यासाठी सरकारने फौजेतल्या रिकाम्या हातांना कामाला लावावे, असेही ते सुचवतात. एक इंग्रज रसायनतज्ज्ञ आणि एक मराठी सत्यशोधक दोन वाटांनी एकाच ठिकाणी आले होते: खत कमी पडण्याचे कारण शेतकऱ्याच्या डोक्यात नव्हते, ते त्याच्या हातून गेलेल्या डोंगरात होते.

इथे एक खुलासा करायला हवा. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्याहून बराच मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते आणि मध्ये मध्ये सांगली, मिरज, औंध, जत अशा संस्थानांचे तुकडे विखुरलेले होते. 1 ऑगस्ट 1949 रोजी 'दक्षिण सातारा' हा वेगळा जिल्हा झाला आणि 1960 साली त्याचे नाव सांगली ठेवले गेले. पश्चिमेला महाबळेश्वरचा पाऊस आणि पूर्वेला माण, आटपाडी, जतचा दुष्काळ, असा हा मुलूख. पश्चिमेला उकिरडा पाण्यात बुडायची भीती, पूर्वेला तो वाळून कोळ व्हायची. एकच कृती दोन्हीकडे चालणार नाही, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागले नाही.

कुणाच्या हातचे खत

आईला मी एकदा विचारले, "आपला उकिरडा उपसून शेतात कोण न्यायचं?"

"आपणच की," ती म्हणाली. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "गाडी आपली. भराय एक म्हातारी आन् तिची सून यायची. भाकरी वरनं टाकायचो त्यास्नी."

वरनं म्हणजे हात न लागू देता. पाट्या भरभरून खत काढणाऱ्या त्या हातांचा स्पर्श आम्हाला चालत नव्हता. त्याच खतावर आलेला जोंधळा देवाच्या नैवेद्याला चालत होता. आजीने पणती ठेवली ती उकिरड्यावर. तो उपसणाऱ्या बायकांच्या दारात आमच्या घरातून कधी पणती गेली नाही. हा भाग मी लेखातून गाळू शकलो असतो. पण तो गाळला तर उरते ते नुसते स्मरणरंजन.

गावगाड्यात मेलेले जनावर ओढणे, गाव झाडणे ही कामे जन्मावर ठरलेली होती आणि त्यांना वतनाचे नाव होते. ज्यांचे काही बालपण साताऱ्यात गेले आणि 1900 साली ज्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1927 साली महाडला आपल्या लोकांना सांगितले की मेलेली ढोरे ओढणे सोडा. पुढच्याच वर्षी त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले. ही वतने कायद्याने जायला मात्र 1958 साल उजाडावे लागले. शहरातला मैला डोक्यावरून वाहून त्याचे सोनखत करण्याचे काम तर आणखी पुढपर्यंत चालू राहिले. ते बंद करणारा पहिला केंद्रीय कायदा 1993 सालचा आणि दुसरा, अधिक कडक, 2013 सालचा. मैल्याच्या खताला 'सोन' म्हणणाऱ्या भाषेने ते वाहणाऱ्या माणसाला काय म्हटले, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

दुसरा मार्ग गांधींच्या माणसांचा होता: ते काम आपण करायचे. सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी तो शेवटपर्यंत चालवला. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात असताना, मला भंगीकाम करू द्या, या मागणीसाठी त्यांनी उपोषण केले आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधींनीही अन्न सोडले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पांनी मैल्याचे खत करणारे संडास बांधून दाखवले.

बाबासाहेब म्हणत होते, हे काम सोडा. अप्पासाहेब म्हणत होते, हे काम मला द्या. वरवर पाहता दोघांच्या दिशा उलट. पण दोघे वेगवेगळ्या लोकांशी बोलत होते, हे ध्यानात घेतले की दोन्ही म्हणणी एकमेकांत बसतात. ज्यांच्यावर लादले त्यांनी सोडायचे आणि ज्यांनी लादले त्यांनी उचलायचे. माझ्या परसातल्या पिंपाचा या वादाशी संबंध आहे, हे मला आईच्या त्या एका वाक्यानंतर उमगले.

उकिरडा घरापासून लांब गेला

उकिरडा दारातून हलवण्याचे प्रयत्न प्लेगच्या आधीपासून सुरू होते. मुंबई इलाख्यात गावाच्या स्वच्छतेसाठी 1889 साली कायदा झाला. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत त्याने सातारा जिल्ह्यालाही झोडपले. लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहिले. रोग घाणीच्या वाफेतून उपजतो, असा समज तेव्हा अजून पुरता गेला नव्हता. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँ याने 1898 साली दाखवले, पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे लागली. तोवर सरकारी नजरेत घराजवळचा प्रत्येक ढीग संशयित झाला होता. घराजवळ माशा घोंघावणारा उकिरडा असू नये, हे खरेच होते. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. सुधारलेले घर म्हणजे उकिरडा नसलेले घर, असे समीकरण बनले.

बाकीचे काम स्वातंत्र्यानंतरच्या पन्नास वर्षांनी केले. साठच्या दशकापासून युरियाची गोणी गावात आली. कृष्णाकाठी उपसा योजना झाल्या, ऊस वाढला. बैल कमी झाले, तसे शेण कमी झाले. गॅस आला, तशी चूल गेली आणि राखही गेली. उसाचे पाचट पेटवून देणे सोपे वाटू लागले. पाण्याचा आणि रासायनिक खतांचा अतिवापर आणि निचऱ्याची आबाळ, यांमुळे वाळवा, पलूस, मिरज या भागांतल्या हजारो एकर काळ्या जमिनी क्षारपड झाल्या. चांगल्या उसाच्या रानात पांढरा थर फुटलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मी काय म्हणतो ते अधिक सांगायला नको.

इंदूरचे खड्डे

याच काळात उकिरडा दुसऱ्या वेशात जगभर फिरून आला. ही कथा इंदूरची आहे.

अल्बर्ट हॉवर्ड हा वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 साली सरकारी नोकरीत हिंदुस्थानात आला. 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत त्याने खताचे प्रयोग केले आणि 1931 साली त्यावर पुस्तक काढले. त्या पुस्तकावर लेखक म्हणून दोन नावे आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड. हे दुसरे नाव वाचताना मराठी वाचक थबकतो. जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्डचे नाव पहिल्या पानावर असते. वाडांचे नाव बहुतेक वेळा तळटीपेत जाते.

इंदूर पद्धत म्हणजे शिस्त लावलेला उकिरडा. गोठ्यात गुरांच्या पायाखाली काडीकचरा अंथरायचा, म्हणजे तो तुडवला जातो आणि मूत्र शोषतो. गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि चुलीची राख बाजूला ठेवायची. उथळ, साधारण दोन फूट खोल खड्ड्यात कचरा, शेणकाला, माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचे आणि तीन वेळा उलथापालथ करायची. तीन महिन्यांत खत तयार. शेणाची नासाडी नाही, मूत्राची नाही, उन्हापावसात कस जाणे नाही. जुन्या उकिरड्याचे जे दोष वर सांगितले, ते एकेक करून यात काढलेले दिसतात. चीनमधल्या शेतकऱ्यांची रीत आपण वाचली आणि इथल्या रयतेकडूनही शिकलो, हे हॉवर्डने मोकळेपणाने सांगितले आहे.

हॉवर्डचे दुसरे पुस्तक 1940 साली आले आणि इंग्लंड-अमेरिकेत सेंद्रिय बागकामाची चळवळ उभी राहिली. 1942 साली अमेरिकेत रोडेल यांनी त्यावर मासिक सुरू केले. तिथल्या घरामागच्या बागेत कंपोस्टचे डबे आले त्यामागे इंदूरच्या खड्ड्यांची प्रेरणा होती. इकडे 1939 साली बंगळूरला आचार्य यांनी शहरी कचरा आणि मैला खड्ड्यात बंद करून, न उलथता, पाचसहा महिन्यांत खत करण्याची रीत बसवली. युद्धकाळातल्या 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेत नगरपालिकांनी ती उचलली. डिसेंबर 1947 मध्ये, फाळणीच्या धामधुमीतही, मीराबेनच्या पुढाकाराने दिल्लीत कंपोस्ट परिषद भरली आणि गांधींनी तिच्यावर 'हरिजन'मध्ये लिहिले. पुसदचे गांधीवादी कार्यकर्ते नारायण देवराव पांढरीपांडे यांनी दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच अशी भोकांची विटांची टाकी बसवली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'नाडेप' म्हणून ओळखली जाते. सुमारे दीड टन काडीकचऱ्याला जेमतेम शंभर किलो शेण, वर माती, आणि तीनचार महिन्यांत खत. एकदोन जनावरांच्या शेतकऱ्याला परवडेल, असा तो हिशेब होता.

मी बाजारातून आणलेले पिंप म्हणजे परदेशी सोय, असे आधी मला वाटत होते. त्याची वंशावळ निघाली ती मात्र इथली.

साताऱ्याचे दाभोळकर, तासगावचे मळे

आता पुन्हा आपल्या मुलखात येऊ. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली ती साताऱ्याला हलवली. साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि स्वयंपाकापासून शेतापर्यंतची कामे स्वतः करत. 1927 साली गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली. एका पंक्तीला बसणे जितके मोठे, तितकेच एका पाटीला दोघांनी हात लावणे मोठे, हे साताऱ्यातल्या मुलांना त्या काळी शिकायला मिळाले.

त्याच साताऱ्यातल्या दाभोलकर भावंडांपैकी एक श्री. अ. दाभोळकर, अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचे थोरले बंधू. ते गणिताचे प्राध्यापक. कोल्हापूरला राहून त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्याला ना मोठी कचेरी, ना अनुदान. शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात प्रयोग करायचे, मोजमाप ठेवायचे, एकमेकांना कळवायचे, अशी ती रीत. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांत ही रीत रुजली. बोरगावच्या वसंतराव आर्व्यांसारखे शेतकरी त्यातलेच. थॉम्सन सीडलेसमधून निवडलेली 'तास-ए-गणेश' ही जात याच मातीत पुढे आली. ज्याला शिकवायचे त्याच्याकडूनच शिकायचे, हे दाभोळकरांचे सूत्र होते.

घरच्या खताच्या दृष्टीने त्यांचा विचार मला फार मोलाचा वाटतो. माती ही बाहेरून आणायची वस्तू नाही, ती जिथे राहतो तिथे बनवता येते, असे ते सांगत. सूर्यप्रकाश फुकट आहे, पान तो साठवते, आणि ते पान कुजून मातीत गेले की साठवलेले पुन्हा कामी येते. कोवळे पान, जून पान आणि वाळले पान यांचे काम वेगवेगळे. शहरातल्या गच्चीवर, परसात, जिथे ऊन पडते तिथे माणूस शेती करू शकतो, असा विश्वास त्यांनी दिला. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांच्या पुस्तकाचे नावच त्यांचे म्हणणे सांगते. मुंबईत डॉ. दोशींनी उसाच्या चिपाडावर गच्चीत भाज्या पिकवून दाखवल्या, त्यामागेही हीच प्रेरणा. आमच्या रसवंत्यांसमोर चिपाडाचे डोंगर पडलेले असतात. ते पाहिले की मला आता दाभोळकर आठवतात.

पुढचा धागा पुन्हा तासगावचाच. अंजनी गावचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना, 2000-01 साली, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गाडगेबाबा ज्या गावात जात ते गाव आधी खराट्याने झाडत आणि रात्री कीर्तन करत. अभियानाने हीच गोष्ट गावांच्या स्पर्धेत आणली. रस्त्यावरचे उकिरडे हलले, खतखड्डे आणि शोषखड्डे खणले गेले. साध्या बायाबापड्या आणि सरपंच एकत्र खराटा घेऊन उतरले, ही त्यातली मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. शहरांसाठी 2016 साली नवे नियम आले: ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायचा. 2020 च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांत कराड देशात पहिले आले. म्हणजे आपल्या भागाला हे जमते. काच आणि देठे एकाच बादलीत टाकणारा माझ्यासारखा माणूस नियमाअभावी तसे करत नव्हता. बादली दारात ठेवली की आपले काम संपले, असे त्याला वाटत होते.

परसातले पिंप

आता त्या पिंपाचे काय झाले ते सांगतो. आईच्या सांगण्यावरून मी ते रिकामे केले, तळाशी नारळाच्या शेंड्या आणि काटक्यांचा वीतभर थर दिला आणि पिंप दोन विटांवर उचलून ठेवले. शेजारचे गृहस्थ रोज सकाळी आंब्याची पाने पेटवत. ती पाने मी पोत्यात मागून घेतली. रोज एक ओंजळ ओला कचरा घातला की दोन ओंजळी वाळली पाने चुरून घालायची, आठवड्यातून एकदा काठीने खालवर करायचे. गोठ्यातले शेण एकदाच, लाडूएवढे, ताकात विरजण घालावे तसे. मूठभर जुनी माती. चूल नाही म्हणून राख नाही. बंबातली राख एका नातेवाइकाकडून थोडी मिळते, ती अधूनमधून भुरभुरवतो. हातात घेऊन दाबले तर बोटांत ओल लागावी, पण थेंब गळू नये, ही आईची कसोटी. पावसाळ्यात साताऱ्याच्या हवेला पाने दुप्पट लागतात. विट्याच्या मामेभावाने हेच केले, तर त्याला उलट रोज पाण्याचा हबका मारावा लागतो.

पांढऱ्या अळ्या पहिल्या महिन्यात गेल्या. त्या मला वाटल्या तशा घाणीच्या नव्हत्या. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या होत्या आणि त्यांचे कामही कचरा पचवण्याचेच. चौथ्या महिन्यात खालच्या भागातून काळपट, भुसभुशीत खत निघाले. त्याला पहिल्या पावसानंतर मातीला येतो तसा वास होता. आईने चिमूटभर हातावर घेतले, चोळले, हुंगले आणि म्हणाली, "आता झालं." त्या खतात मी सांगलीहून आणलेल्या हळदीचे चार गड्डे लावले.

दारातली बादली आता हलकी असते. त्यात फक्त सुका कचरा. काच असली तर कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून, वेगळी हातात देतो. मागच्या वर्षी एके दिवशी त्याच बाई म्हणाल्या, "दादा, तुमच्या घरात आता स्वयंपाक होत नाही का?" मी त्यांना परसात नेऊन पिंप दाखवले. त्यांनी झाकण उचलले, आत बघितले आणि हसल्या. "आमच्याकडं गावाला हेच काम आमची आजी करायची," त्या म्हणाल्या, "पण दुसऱ्याच्या उकिरड्यावर." मी काही बोललो नाही. निघताना त्यांना चहा विचारला. त्यांना पुढची दारे घ्यायची होती.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, असे आपण म्हणतो. उकिरडा उपसणाऱ्यांचे पांग फिटायला त्याहून कितीतरी जास्त वर्षे लागली आणि अजून ते पुरते फिटलेले नाहीत. एका पिंपाने ते फिटणार नाहीत, हे मला कळते. आपण केलेली घाण आपल्या हाताने मातीपर्यंत पोचवायची, एवढेच त्यातून साधते.

गेल्या पाडव्याला पहाटे आईने आठवण केली. पिंप प्लॅस्टिकचे, म्हणून पणती शेजारी विटेवर ठेवली. एक पणती वेगळी काढून ठेवली होती. घंटागाडी आली तेव्हा फराळाच्या ताटाबरोबर ती बाईंच्या हातात दिली. ताट आईनेच दिले. वरून नाही, त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन.